पुलियाजवळचं बिननावाचं झाड

अल्लीपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एके काळी बायका झाडांना पाहून डोक्यावर पदर घेत असत. दुपारची वेळ, रस्ता मोकळा, चिटपाखरू नाही. काखेत शिदोरी घेऊन शेतावर निघालेली बाई एखाद्या कडुलिंबाच्या रोपट्यापाशी येताच पदर सावरायची, मान खाली घालायची आणि चार पावलं पुढे गेली की पुन्हा मोकळी चालायची. नवख्या माणसाच्या छातीत धस्स व्हायचं. मोटारीतले प्रवासी एकमेकांना विचारायचे, हिनं कोणाला पाहिलं? तर तिनं सासऱ्याला पाहिलेलं असायचं. सासरा वारलेला असायचा. आणि हा सगळा उपद्व्याप माझा होता.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले, तेव्हा मी त्यांना विचारलं, लेखक म्हणून लिहू की मुकादम म्हणून? ते म्हणाले, पगार कशाचा मिळत होता त्याबद्दल लिहा. बरोबरच आहे. लेखक म्हणून मी एक कथासंग्रह लिहिला आणि तो कोणीही वाचला नाही, कारण तो निघालाच नाही. मुकादम म्हणून लावलेली झाडं मात्र उभी आहेत आणि त्यांच्या सावलीत आता लोक गाड्या थांबवून भजी खातात. तेव्हा इथं मुकादमच बोलेल. लेखक मधूनमधून तोंड घालेल, त्याची ती जुनी खोड आहे.

मी रस्त्यांच्या खात्यात झाडांचा मुकादम होतो. वर्धेच्या नर्सरीतून रोपं आणायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावायची आणि जगवायची, एवढंच काम. बाहेरच्या माणसाला वाटतं, खड्डा केला, रोप ठेवलं, झालं. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावे लागतात. त्यात तळ्यातला गाळ आणि शेणखत भरायचं, दोन पाऊस नीट झाले की रोप लावायचं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायचं. इथवर सोपं आहे. पावसाळ्यात काठीलाही पालवी फुटते. झाड जगतं की मरतं ते वैशाखात कळतं. आमची काळी जमीन तेव्हा अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि जमीन फाटली की तिच्यातली कोवळी मुळंही तुटतात. म्हणून आळं खुरपून भेगा बुजवत राहायचं आणि पाणी घालत राहायचं. त्यासाठी खात्यानं मला एक बैलगाडी, तिच्यावर एक पाण्याचं पिंप आणि उकंडराव नावाचा गाडीवान दिला होता. रस्ता लांब, पिंप गळकं आणि उकंडराव म्हातारा. शिवाय गावोगावच्या बकऱ्या होत्या, आणि बैल हाकायला शिमटी हवी झाली की नेमकं माझंच रोप मोडणारे गाडीवाले होते. पहिल्या वर्षीची बहुतेक झाडं मेली. मी लोकांशी भांडून भांडून घसा बसवून घेतला आणि शेवटी हात टेकले.

एका शेतकऱ्याच्या बकऱ्यांनी एकाच जागेवरचं रोप पुन्हा पुन्हा खाल्लं. त्याचे वडील नुकतेच वारले होते. मी त्याच्या देखत त्याच खड्ड्यात नवं लिंबाचं रोप लावलं आणि संतापून म्हणालो, "हे तुझ्या बाबाच्या नावानं लावलं आहे. आता खाऊ दे तुझ्या बकऱ्यांना!"

तो बकऱ्या हाकत निघून गेला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर रोपाभोवती माझ्या कुंपणाच्या दुप्पट कुंपण, आळं पाण्यानं भरलेलं आणि मातीवर हळदकुंकू. आठवड्याभरात गावातले लोक माझ्याभोवती जमले.

"काऊन जी बाबू, त्याच्याच बुढ्याचं झाड लावता? आमचा बुढा काय वाईट होता?"

मला तर घबाडच सापडलं. मी प्रत्येक रोपाला एकेका मेलेल्या माणसाचं नाव देत सुटलो. रोप लावायचं, पहिलं पाणी घालायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "हे अमक्याचं." नाव मीच उच्चारायचं, असाही दंडक लोकांनी आपोआप पाडला. दुसरं कोणी म्हटलं तर ते चालत नसे. त्या काळात माझ्या कथा मासिकांकडून 'साभार परत' येत होत्या आणि इथं माझं दोन शब्दांचं वाक्य अख्खा गाव खरं मानत होता. लेखकाला याहून जास्त काय पाहिजे? झाडं जगायला लागली. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी त्यांना युक्ती सांगितली नाही.

मग हळूहळू ती युक्ती माझ्या हातून निसटली.

पहिल्यांदा बायकांनी पदर घ्यायला सुरुवात केली. मग दुपारी शेतातून परतताना पुरुष थांबायला लागले. झाडापुढं उकिडवं बसायचं, तंबाखू मळायची, कपाशीचं काय झालं ते सांगायचं आणि थोडा वेळ गप्प राहायचं. समोरचा बोलत असला की आपण गप्प राहतो, तसं ते गप्प राहणं होतं. मधेच मान हलवायची. दोन भाऊ वावराच्या बांधावरून भांडत होते, ते बापाच्या झाडाकडे जाऊन आले आणि भांडण मिटलं. बापानं काय सांगितलं ते दोघांनीही कोणाला सांगितलं नाही. एक गृहस्थ मला गाठून काकुळतीला आले, पहिल्या बायकोचं झाड जरा लांब हलवा, दुसरी त्या रस्त्यानं यायला तयार नाही. मी म्हटलं, लागलेलं झाड हलत नसतं, तुम्हीच दुसरा रस्ता धरा. ते खरोखरच शेवटपर्यंत आडवाटेनं गेले.

उकंडराव प्रत्येक रोपापाशी पाणी घेऊन जाताना आधी खाकरायचा आणि "आलो जी" म्हणायचा. मला त्याचं हसू यायचं. पुढे हसू कमी झालं. वैशाखातली दुपार ज्यांनी आमच्याकडे काढली आहे त्यांना ठाऊक आहे, रात्रीचं भय त्यापुढं काहीच नाही. रात्री निदान काही दिसत नाही. दुपारी सगळं लखलखीत दिसत असतं आणि त्यात माणूस नसतं. वारा पडलेला असताना दोन्ही बाजूंची सगळी रोपं स्तब्ध उभी असायची आणि मधलं एखादंच हळूहळू हलत असायचं. दम्यानं गेलेल्या एका म्हाताऱ्याच्या लिंबाजवळ धाप लागल्यासारखा आवाज यायचा. कुंपणात एखादी पोकळ काडी असेल, वारा शिरत असेल, असं मी उकंडरावला समजावलं. मग मी ते कुंपण उपसून नवीन घातलं. आवाज होता तसाच राहिला. त्यानंतर मी समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही. पण तिथून जाताना मीही खाकरायला लागलो.

या रस्त्यावर एका ओढ्यावर पुलिया म्हणजे लहानसा पूल होता आणि पुलियाजवळ महादेव नावाच्या माणसाचं झाड होतं. महादेव माझ्या नेमणुकीच्या बराच आधी वारलेला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याची बायको भिवराबाई, वाळून काटकुळी झालेली, पण आवाज असा खणखणीत की ओढ्यापलीकडून हाक आली तरी बैल थांबत. त्यांचा एकुलता एक मुलगा किसना. सरकी भरलेल्या गाड्यांबरोबर तो मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात गेला, आणि त्याच सुमारास तिकडे दंगलींची धामधूम उडाली. गाड्या परत आल्या. किसना आला नाही. मेला म्हणून कोणी पाहिलं नाही, जिवंत आहे म्हणूनही कोणी पाहिलं नाही. भिवराबाई रोज दुपारी नवऱ्याच्या झाडापाशी यायची आणि मोगलाईकडच्या बाजूला रस्त्यावर नजर लावून उभी राहायची. किसनाचं झाड लावा, असं गावातले लोक मला सुचवायचे. म्हणजे बाईच्या जिवाचा घोर तरी संपेल. मी भिवराबाईला विचारलं, तेव्हा तिनं मला असं झाडलं की पुन्हा तो विषय काढला नाही.

एका उन्हाळ्यात फेरीवर असताना मला महादेवच्या लिंबाशेजारी, रांगेच्या बाहेर आणि पुलियाच्या भिंतीला अगदी लागून, आणखी एक लिंब दिसला. गुडघ्याएवढा. मी तो लावला नव्हता. खड्डा नाही, आळं नाही, एक काटा नाही. आजूबाजूची जमीन फाटून तिच्या चिरफळ्या झाल्या होत्या आणि या रोपाच्या बुडाशी एकही भेग नव्हती. मी माती चिमटीत घेतली. ती ओली होती.

मागून भिवराबाईचा आवाज आला. त्या दिवशी तो खणखणीत नव्हता.

"बाबू, हे तुमी लावलं का?"

"नाही, माय. एखाद्या पाखरानं लिंबोळी टाकली असेल."

"अन् पानी? पानी पाखरू टाकते का?"

उकंडराव गाडीवरूनच म्हणाला, "मी नाई टाकत जी. माहं पिंप तं पुलियापर्यंत येताच खाली होते. तूच टाकत असशील, भिवराबाई."

"मी काऊन टाकीन? मले तं पाहूनच भेव लागून राह्यलं." तिनं माझा हात धरला. "याले नाव देल्लं का तुमी?"

"नाही."

"मंग देऊ नोका. लोकं म्हनून राह्यले का बापाच्या बाजूले पोरगा उगवला. म्हनू द्या त्याईले. त्याईच्या म्हनन्यानं काई होत नाई. तुमच्या तोंडातून निंगालं का मंग माहा किसना गेला."

मी तिला शब्द दिला. एका रोपट्याला नाव न देण्यात माझं काय जाणार होतं? तेव्हा मला तसंच वाटलं.

माझ्या कथा छापायला नागपूरचे एक प्रकाशक तयार झाले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांचा छापखाना शाळेच्या पुस्तकांवर चालायचा आणि त्यातून जे उरेल ते ते कथा-कवितांत घालवायचे. बायकोचा त्याला विरोध होता. माझ्या पुस्तकाची जुळणी झाली होती, म्हणजे एकेक अक्षराचा खिळा हातानं बसवून पानं बांधून ठेवली होती. फक्त शेवटची कथा तात्यांना पसंत नव्हती. मी त्यांना पत्रात या रस्त्याची गंमत लिहिली, तर ते स्वतः मोटारीनं आले. धोतर, कोट, छत्री, भर दुपारी. घाम पुसत ते एका झाडाच्या बुडाशी टेकले तोच रस्त्यावरून जाणारी बाई पदर ओढून ओरडली, "उठा जी! माह्या सासऱ्याच्या मांडीवर बसले तुमी!"

तात्या विंचू चावल्यासारखे उठले. मग त्यांनी सगळा रस्ता पाहिला, भिवराबाईला लांबून पाहिलं, ते बिननावाचं झाड पाहिलं. जाताना त्यांचा आवाज बदलला होता.

"लेखकराव, तुम्ही आजवर कथा म्हणून काय लिहीत होता? ही इथं उभी आहे ती कथा. ही लिहा, पुस्तक महिन्यात काढतो. पण शेवट पाहिजे. पोरगा मेला की आला?"

"ते कोणालाच माहीत नाही."

"कोणाला नसेल, तुम्हाला पाहिजे ना? मारून टाका त्याला. आई झाडाला मिठी मारते, संपलं. वाचक रडला पाहिजे."

"मी नाव देणार नाही म्हणून शब्द दिला आहे."

"मग नावं बदला!"

नावं बदलून काय होणार होतं? त्या रस्त्यावर बिननावाचं झाड एकच होतं. पुस्तक अल्लीपूरच्या एखाद्या मास्तरांच्या हाती पडलं असतं, त्यांनी ते चावडीत वाचून दाखवलं असतं आणि संध्याकाळपर्यंत भिवराबाईच्या दारात बायका रडायला जमल्या असत्या. जे माझ्या नुसत्या बोलण्यानं पक्कं होत होतं, ते छापल्यावर किती पक्कं झालं असतं! आणि तरीही मला ते पुस्तक हवं होतं. स्वतःचं नाव वेष्टनावर पाहण्याची हाव काय असते ते ज्याला आहे त्यालाच कळतं. मी कथा लिहिली, शेवट सोडून. तात्यांचं पत्र आलं की शेवट पाठवा. पुन्हा आलं. तिसऱ्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं, "माझा टाइप तुमच्या भुतांत अडकून पडला आहे. मला लग्नपत्रिका छापायच्या आहेत. आठ दिवसांत शेवट आला नाही तर पानं सोडतो."

म्हणून एका दुपारी मी कागद घेऊन पुलियाच्या कठड्यावर, त्या झाडाकडे पाठ करून बसलो. वाटलं, झाडाच्या तोंडावर लिहायला नको. पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. गुडघ्यावर कागद धरून लिहिलं, "ते झाड". पुढचं वाक्य डोक्यात तयार होतं. तेवढ्यात समुद्रपूरकडून त्याच अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न होऊन आलेली एक सून रस्त्यानं आली. शेवंता तिचं नाव. तिला इथली झाडं ठाऊक नव्हती. तिच्या स्वतःच्या आजेसासऱ्याच्या झाडापुढून ती मोकळ्या डोक्यानं आली होती, मी पाहिलं होतं. माझ्यापाशी येताच मात्र तिनं पदर घेतला आणि मान खाली घातली. मला जरा बरंच वाटलं.

"बाई, माझ्यापुढं कशाला पदर घेतेस? मी परका माणूस."

"तुमच्यासाठी नाई जी," ती खालमानेनंच म्हणाली. "ते बुढे बाबा बसले नं तुमच्या मांगं."

मी वळून पाहिलं. मागं झाड होतं.

"कोण बाबा?"

तिनं मान वर केली आणि तीही गोंधळली. "आता तं होते. डाव्या हाताच्या पसानं पानी टाकून राह्यले होते झाडाले. उजव्या हाताले फडकं गुंडाललं होतं." मग आपण परक्या पुरुषाशी इतकं बोललो याची लाज वाटून ती भरभर निघून गेली.

मी खाली उतरलो. माझा तांब्या काठोकाठ भरलेला होता. झाडाच्या बुडाशी पाणी होतं आणि ते अजून मातीत जिरत होतं. मी ते पूर्ण जिरेपर्यंत पाहत राहिलो. अंगावर काटा आला वगैरे आपण लिहितो, त्यातलं काही झालं नाही. फक्त तांब्यातलं पाणी प्यायचं धाडस झालं नाही. कागदावर "ते झाड" एवढेच शब्द होते. मी कागद खिशात घातला आणि जे चालायला लागलो ते उकंडरावची गाडी दिसेपर्यंत थांबलो नाही. शेवट मी पाठवला नाही. भिवराबाईलाही यातलं काही सांगितलं नाही. तिला वाटलं असतं, किसनाच मेला आणि या रूपानं आला.

त्याच सुमारास आमचं राज्य बदललं. मी जागचा हललो नाही, झाडं हलली नाहीत, पण मध्य प्रदेशात झोपलेले आम्ही मुंबई राज्यात उठलो. नागपूरची राजधानी गेली. कचेऱ्या गेल्या, कारकून बिऱ्हाडं बांधून गेले, शाळेची पुस्तकं बदलली आणि तात्यांची छापून ठेवलेली सगळी पुस्तकं रद्दी झाली. त्यांचं शेवटचं पत्र आलं. त्यात राग नव्हता. लिहिलं होतं, "पानं सोडली. तुम्ही शेवट पाठवला असता तरी आता कागद कुठून आणला असता? छापखाना विकतो आहे." माझ्या कथांचे खिळे सुटून कुठल्या कुठल्या लग्नपत्रिकांत गेले.  आजही कोणाच्या घरी जुनी लग्नपत्रिका दिसली की मी तिची अक्षरं निरखून पाहतो. वाईट वाटतं, अजून वाटतं, त्याला काही इलाज नाही.

नव्या राज्याबरोबर नवे ओव्हरसियर आले. तिकडचे, पश्चिमेकडचे, पोरसवदा, बोलायला गोड. त्यांना पुलिया पक्की करायची होती.

"हे झाड रांगेबाहेर आहे हो. मुळं भिंतीत शिरतील. हे कुणाचं?"

रस्त्याची रीत त्यांच्या कानावर गेली होती. नाव असलेल्या झाडाला इथला एकही मजूर कुऱ्हाड लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"अजून कोणाचंच नाही," मी म्हणालो.

"मग बरं झालं. उद्या तोडून घेऊ."

मी पेचात सापडलो. नाव दिलं नाही तर झाड जाणार. ते किसनाचं असेल तर त्याच्यावर कुऱ्हाड पडणार. आणि नाव देऊन ते वाचवावं, तर महादेवशेजारी परक्याचं नाव कोणी मानणार नाही, आणि किसनाचं दिलं की माझ्याच तोंडानं तो मेला. मी भिवराबाईच्या घरी गेलो. ती तापानं बाजेवर पडली होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. मग माझ्यानं राहवेना. पोटात ठेवलेली शेवंताची गोष्टही मी सांगून टाकली. बुढा बाबा, पसाभर पाणी, सगळं.

भिवराबाई बाजेवर उठून बसली.

"कोन्त्या हातानं?"

"डाव्या. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं म्हणे."

ती हसायला लागली. तापानं फणफणलेली बाई, पदर तोंडाशी धरून हसत होती. मला वाटलं, हिला भ्रम झाला.

"कापसाच्या जिनिंगात माह्या बुढ्याचा पंजा गेला होता, बाबू. उजवा. तवापासून डाव्या हातानं जेवे. मी लय भांडो, चारचौघांत तरी असं जेवू नोको म्हनून." तिनं डोळे पुसले. "किसनाचं नाई ते झाड. माहं आहे. जितेपनी बुढ्यानं माह्या अंगनात एक तुळस लावली नाई, अन् आता माह्यासाठी जागा धरून बसला. पानी टाकून राह्यला!"

"माय..."

"माहा किसना जिता आहे. मले आता पक्कं समजलं. सकाळी नाव दे त्या झाडाले. माहं दे."

"तू जिवंत आहेस. मी जिवंत माणसाचं नाव कधी दिलं नाही."

"म्हनून तं म्हन्तो, उशीर करू नोको."

सकाळी उकंडराव तिला पाण्याच्या गाडीवर पिंपाशेजारी बसवून घेऊन आला. मजूर कुऱ्हाडी घेऊन उभे होते. मी तांब्यानं पाणी घातलं आणि म्हणालो, "हे भिवराबाईचं."  इतकी नावं दिली, पण ज्याचं नाव तोच समोर बसून ऐकतो आहे असं कधी झालं नव्हतं. ती मान हलवत ऐकत होती. मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.

"अहो, पण त्या तर इथं बसल्या आहेत!" ओव्हरसियर म्हणाले.

"बसल्या म्हनूनच तं, साहेब," एक मजूर म्हणाला. "त्याईच्या देखत कसं तोडाव?"

ओव्हरसियर माणूस चांगला होता. पुलिया त्यांनी दुसऱ्या बाजूनं वाढवली. भिवराबाई पावसाळ्याआधी गेली. जाताना शांत होती. मला मात्र त्या शांतपणाचा घोर लागला. तिचं ऐकून मी नाव दिलं होतं, पण तिचं म्हणणं खरं होतं का? किसना जिता आहे, हे एका म्हातारीनं तापात धरलेलं समाधान असलं तर? भुताखेतांवर माझा विश्वास नाही, असं मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो. पण विश्वास नसलेल्या माणसालाही प्रश्न पडतात.

पुढच्या वैशाखात मी पुलियापाशी आळं खुरपत होतो. बुडाशी आता सगळीकडच्यासारख्या भेगा पडल्या होत्या. पाणी घालणाऱ्याचं काम संपलं होतं. शेवंता आली. कडेवर मूल होतं आणि आता तिला सगळी झाडं पाठ होती. पुलियापाशी येताच तिनं पदर घेतला, मूलही जरा त्या बाजूला वळवून धरलं. लहान मूल आपण वडीलधाऱ्यांना दाखवतो तसं.

माझ्या हातातलं खुरपं थांबलं. विचारायचं नव्हतं, तरी विचारलं.

"कोणी आहे का गं तिथं?"

"आहेत नं. बसले आहेत सावलीत," ती हळूच म्हणाली. "तेच बुढे बाबा. अन् बाजूले बुढी."

"आणखी कोणी? एखादा तरणा माणूस? नीट पाहा, बाई."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिनं कपाळावर आडवा हात धरला आणि दोन्ही झाडांच्या खाली, मागं, पुलियाच्या कठड्यावर, अगदी निरखून पाहिलं. 

"नाई जी," ती म्हणाली. "दोघंच आहेत."

मी खुरपं टाकलं आणि भर उन्हात उकंडरावकडे पळत सुटलो. एवढ्या मोठ्या माणसानं असं पळू नये. "उकंडराव, दोघंच आहेत! किसना तिथं नाही!"

म्हातारा पिंपाची तोटी धरून उभा होता. ती बंद करायची तो विसरला आणि पाणी रस्त्यावर वाहत राहिलं.

"मंग येईन तो," तो म्हणाला.

त्या रस्त्यावर किसनाच्या नावाचं झाड अजूनही नाही.